काजळी कुणाची?



आपल्या एका कौटुंबिक गटावर मध्यंतरी एका ताईंनी प्रश्न टाकला होता. "मी कुणाचं वाईट चिंतत नाही. कुणाला उलटून बोलत नाही, भांडण तर दूरच. तरी दहा-पंधरा वर्षांत मन असं जड आणि चिडचिडं का झालं? माझं कुठे चुकलं?" प्रश्नाखाली भराभर हात जोडलेली चित्रं आली, दोन-तीन सुविचार आले, मग कुणीतरी नातवाच्या वाढदिवसाचा केक टाकला आणि प्रश्न वर सरकून गेला.

पण प्रश्न मोठा आहे. आपण लहानपणापासून ऐकत आलो की वाईट करू नये. ठीक. पण वाईट न करणं एवढं पुरतं का? ज्याने काहीच वाईट केलं नाही, त्याच्या आत काळं कुठून येतं? आणि आलंच, तर दोष कुणाचा? या वेळच्या पत्रिकेसाठी याच प्रश्नावर थोडं लिहिते. मात्र उदाहरण पोथीतलं घेत नाही, गाडीच्या इंजिनातलं घेते. हसू नका, शेवटपर्यंत वाचा.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त काका आहेत. त्यांची गाडी म्हणजे जपणुकीचा नमुना. रोज कापडाने पुसायची, वर कव्हर घालायचं. गाडी जाणार कुठे, तर भाजी, बँक आणि देऊळ. सगळं दीड-दोन किलोमीटरच्या आत. बाकीचे दिवस सकाळी दहा मिनिटं जागेवरच चालू करून ठेवायची, "बॅटरी उतरू नये म्हणून". चार-साडेचार वर्षांत गाडी सकाळी थरथरायला लागली, पिकअप गेलं, अ‍ॅव्हरेज पडलं. मिस्त्रीने खोलून दाखवलं तर आत हवेच्या झडपांवर काळा, जाड, खरखरीत थर. काका बिचारे दुखावले. म्हणाले, "अरे, मी तर गाडी कधी चाळीसच्या वर नेली नाही!" मिस्त्री हात पुसत म्हणाला, "बाबूजी, इसीलिए तो."

या "इसीलिए तो" मध्ये ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे असं मला वाटतं. उरलेलं अर्धं जरा अवघड आहे. क्रमाने बघू.

*काजळी म्हणजे काय?*

ज्यांनी घरात कंदील पाहिला आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. वात नीट कापलेली असली, काच स्वच्छ असली, खालून हवा येत असली की ज्योत पिवळी, शांत. वात जास्त वर केली की धूर आणि काच काळी. रॉकेल तेच, कंदील तोच. फरक इतकाच की तेल जास्त झालं आणि हवा कमी पडली.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची जोडणी. ते पूर्ण जळलं तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो आणि हायड्रोजनचं पाणी. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. थंडीत सकाळी गाडीच्या सायलेन्सरमधून थेंब पडताना दिसतात ते हेच. आणि त्या एक लिटर पेट्रोलला पूर्ण जळायला हवा किती लागते? वजनात पेट्रोलच्या १४.७ पट, म्हणजे साधारण नऊ हजार लिटर हवा. एक लिटर ज्वलनशील पदार्थ आणि नऊ हजार लिटर मोकळी हवा! हे प्रमाण मला फार बोलकं वाटतं.

भट्टी, बॉयलर यांचं काम जाणणारे सांगतात की पूर्ण जळण्यासाठी पुरेशी हवा तर हवीच, शिवाय आणखी तीन गोष्टी हव्यात: पुरेसं तापमान, पुरेसा वेळ आणि नीट मिसळणं. यातलं एक कमी पडलं की काही भाग अर्धवट जळतो. अर्धवट जळलेलं नाहीसं होत नाही, ते काळं होऊन कुठेतरी चिकटतं.

म्हणजे काजळी ही घाण बाहेरून आलेली नाही. ज्या इंधनावर गाडी चालते, तेच इंधन, फक्त काम अर्धवट राहिलेलं. हे लक्षात ठेवू, पुढे उपयोगी पडेल.

*साचते कशाने?*

पहिलं कारण छोट्या फेऱ्या. इंजिन नीट तापलं म्हणजे त्यातलं पाणी साधारण ९० अंशांपर्यंत येतं. ऑइल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो. गार इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, गार भिंतींना चिकटतं. म्हणून गाडीचा संगणक सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. जुन्या गाड्यांत आपण चोक ओढत होतो, तेच काम आता आपोआप होतं. गाडी तापायच्या आत भाजीवाल्यापाशी थांबली, पंधरा मिनिटांनी परत निघाली, पुन्हा गार, पुन्हा जास्त पेट्रोल. न जळलेलं पेट्रोल आणि पाणी ऑइलमध्ये उतरतं, ऑइल खराब होतं.

दुसरं, जागेवर चालू ठेवणं. त्यात इंजिनाला पुरता ताप येत नाही आणि ओझंही नसतं. काकांची दहा मिनिटं याच खात्यात गेली. हल्लीच्या गाड्यांना अशा उभ्या-उभ्या तापवण्याची गरज नसते. चालू करावी, अर्ध्या मिनिटात निघावं आणि पहिले काही किलोमीटर हळू चालवावी.

तिसरं, देखभालीतली ढिलाई. एअर फिल्टर तुंबलेला, प्लग जुना, ऑइल वेळेवर न बदललेलं, पेट्रोलमध्ये भेसळ. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑइल वर चढतं आणि तेही जळून चिकटतं.

प्लगचं गणित तर ऐकण्यासारखं आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर राहिलं तर त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. प्लग स्वतःला स्वच्छ ठेवतो. त्याखाली राहिला तर काळा पडतो. पण साडेआठशेच्या वर गेला तर ठिणगी पडायच्या आधीच त्या तापलेल्या टोकावर पेट्रोल पेटतं, वेळेआधी, आणि पिस्टनला मार बसतो. म्हणजे गारही नको, अति तापही नको.

"मी मनात काही ठेवत नाही, तोंडावर बोलून मोकळी होते" असं अभिमानाने सांगणारे आपल्या सगळ्यांच्या घरी एक तरी असतात. त्यांच्यात काजळी नसते हे खरं. पण वेळेआधी पेट घेण्याने समोरच्याचा पिस्टन फुटतो, त्याचं काय? तेव्हा ताईंना "तुम्ही पण बोलून टाकत जा" एवढाच सल्ला देणं मला पटत नाही.

*एकही फेरी दोषी नाही*

आता खरी अडचण बघा. काकांच्या गाडीची कोणती फेरी चुकली? सोमवारची भाजीची? गुरुवारची देवळाची? एकेक फेरी घेतली तर प्रत्येक निर्दोष आहे. एका फेरीने बसलेला थर डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही. पण हजार-दोन हजार निर्दोष फेऱ्यांची बेरीज म्हणजे ती थरथरणारी गाडी.

आपली दोषाची कल्पना बहुतेक वेळा एका कृतीशी बांधलेली असते. अमुक दिवशी अमुक बोलला, म्हणून बिघडलं. म्हणून बिघाड दिसला की आपण तो दिवस शोधायला लागतो. तो दिवस सापडला नाही की दोनच निष्कर्ष उरतात: "माझंच काहीतरी चुकलं असणार" किंवा "समोरचाच वाईट". ताईंचा प्रश्न याच शोधातून आलेला आहे. पण काही गोष्टी अशा असतात की त्यांना चुकीचा दिवस नसतो, चुकीची सवय असते.

अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. दोन जावा, एकच स्वयंपाकघर, अठरा वर्षं. आवाज कधी चढला नाही. पण बोलणं काय? "दूध आलं का?", "कुकर लावू का?", "आज भाजी कोणती?" सगळ्या एक-एक किलोमीटरच्या फेऱ्या. एकीचं बाळंतपण कठीण गेलं तेव्हा दुसरीला काय वाटलं, दुसरीच्या माहेरच्या संकटात पहिली गप्प का राहिली, हे कधी बोलणं झालंच नाही. सासूबाई गेल्या, वाटणीचा विषय निघाला आणि सगळ्यांना आश्चर्य वाटलं की इतक्या गोड घरात एवढं काळं आलं कुठून. ते त्या दिवशी आलं नव्हतं. त्या दिवशी फक्त इंजिन थरथरलं.

यात "जाऊ दे" या शब्दाचा मोठा हात असतो. "जाऊ दे" दोन प्रकारचं. एक खरंच जातं. दुसरं नुसतं झाकण असतं. ओळखायचं कसं? रात्री भांडी घासताना तीच गोष्ट परत आठवली तर ती गेली नाही, चिकटली. क्षमा म्हणजे पूर्ण जळणं. त्यातून ऊब निघते आणि उरतं काय, तर पाणी आणि वारा. झाकण ठेवणं म्हणजे क्षमा नव्हे, जरी बाहेरून दोन्ही सारखीच शांत दिसली तरी.

मग वाईट न करणं पुरेसं आहे का? मला वाटतं, नाही. हातात घेतलेलं, मनात आलेलं पुरतं करणं हेही कर्तव्यच आहे. अर्धवट चांगुलपणाचासुद्धा थर बसतो.

*स्वतःचा धूर गिळणारं इंजिन*

इथवर सोपं होतं. आता ते अवघड अर्धं.

तुम्ही म्हणाल, काकांनी गाडी लांब नेली असती तर काजळी बसलीच नसती. तसं नाही. ती कमी बसली असती, पण हल्लीच्या कित्येक गाड्यांत हवेच्या झडपांवरची काजळी ही पेट्रोलची नसतेच मुळी. ती कुठून येते हे कळायला थोडं मागे जावं लागेल.

इंजिन चालताना जळालेला थोडा वायू पिस्टनच्या कडेने खाली ऑइलच्या भागात उतरतो. पूर्वी हा वायू आणि ऑइलची वाफ एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत असत. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट, डोळे चुरचुरवणारं धुकं साचायला लागलं. हागेन-स्मिट नावाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत दाखवून दिलं की गाड्या आणि कारखान्यांतून निघणारे वायू उन्हात एकमेकांशी मिसळून हे विष तयार होतं. त्यानंतर १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांत आणि १९६३ पर्यंत सगळ्या अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत एक झडप आली. तिने तो वायू रस्त्यावर न सोडता परत इंजिनाच्याच हवेच्या वाटेवर वळवला. पुढे सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूरही परत आत घेण्याची सोय झाली, कारण त्याने आतली आग जरा थंड राहते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी होतात. आज आपल्या डिझेल गाड्यांमध्ये ही सोय सर्रास असते.

म्हणजे बघा. इंजिनाने आपली घाण जगावर टाकू नये म्हणून ती त्यालाच गिळायला लावली. हेतू उत्तम, परिणामही उत्तम, शहरांची हवा त्याने सुधारली. पण त्या गिळलेल्या वाफेतलं ऑइल हवेच्या झडपांवर बसतं, तापतं, भाजतं आणि काळं होतं.

पूर्वी हे फारसं जाणवत नसे, कारण पेट्रोलचा फवारा याच झडपांच्या मागे पडायचा. पेट्रोल त्यांना येता-जाता धुवून काढायचं. नव्या प्रकारच्या इंजिनांत, ज्यांच्यावर जीडीआय, टीएसआय अशी अक्षरं असतात, पेट्रोल थेट आत सिलिंडरमध्ये फवारतात. त्याने शक्ती वाढते, पेट्रोल वाचतं. पण झडपांना पेट्रोलचा थेंब लागत नाही. धुणारा हात गेला, गिळणं मात्र चालूच राहिलं.

हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला आपल्या घराघरांतल्या बायका डोळ्यांपुढे आल्या. आणि फक्त बायका नव्हेत, काही मोठे भाऊ, काही जावई, काही म्हातारे वडीलसुद्धा. घराची हवा स्वच्छ राहावी म्हणून जे आपला धूर आपणच गिळतात. सासरचं माहेरी नाही, माहेरचं सासरी नाही, मुलांपुढे नाही, शेजारी तर नाहीच. पूर्वी अशांना धुणारं काही होतं. दुपारचा वाडा होता, ओट्यावर गहू निवडता-निवडता शेजारीण विचारायची, "काय गं, चेहरा का उतरलाय?" एवढ्याने धुतलं जायचं. आता फ्लॅट बंद, गटावर फक्त शुभ सकाळ. घर जास्त नीटनेटकं झालं, धुणारा हात गेला.

मग सहन करणं हा सद्गुण की दोष? ज्यांना दोष वाटतो ते म्हणतात, का गिळायचं, सोडून द्या बाहेर. गाड्यांमध्येही हे करणारे असतात. धूर परत घेणारी ती वाट पत्रा लावून बंद करून टाकतात. त्यांचं इंजिन स्वच्छ राहतं, आणि धूर मागच्या स्कूटरवर बसलेल्या शाळकरी पोराच्या छातीत जातो. हे योग्य म्हणवत नाही.

पण दुसऱ्या टोकाला, "सहन कर, सहन करण्यात मोठेपणा आहे" म्हणून मोकळे होणारेही मला पटत नाहीत. ज्या अभियंत्यांनी इंजिनाला धूर गिळायला लावला, ते तिथेच थांबले नाहीत. त्यांनी वाफेतलं ऑइल गाळणारा भाग बसवला, परतीचा धूर गार करायची सोय केली. काही कंपन्यांनी तर पेट्रोलचा दुसरा फवारा पुन्हा झडपांमागे आणला, टोयोटाच्या काही इंजिनांत असे दोन्ही फवारे असतात. डिझेल गाड्यांना १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ नियमांमुळे काजळी अडवणारा फिल्टर सर्रास आला, तर त्यात साचलेली काजळी अधूनमधून सहाशे अंशांच्या आसपास तापवून जाळायची व्यवस्थाही सोबत दिली. गिळायला लावायचं असेल तर गाळण्याची, धुण्याची, जाळण्याची सोय करून देणं ही गिळायला लावणाऱ्याची जबाबदारी आहे. ती न करता नुसतं "सहन कर" म्हणणं म्हणजे वाईट कारागिरी.

सहनशीलता सद्गुण आहेच. पण तो एकट्याचा सद्गुण नव्हे, तो सगळ्या घराने मिळून सांभाळायचा असतो.

*साफ करायचं कसं?*

बाजारात याचे सोपे उपाय खूप. पेट्रोलच्या टाकीत घालायची बाटली मिळते. चांगल्या प्रतीची असली तर इंजेक्टर साफ ठेवायला तिचा उपयोग होतो. पण थेट फवाऱ्याच्या इंजिनात टाकीतलं औषध त्या हवेच्या झडपांपर्यंत पोचतच नाही, कारण पेट्रोलच तिथून जात नाही. दुसरा लोकप्रिय उपाय, बायपासवर नेऊन एकदा जोरात पळवणं. आत सिलिंडरमधली मऊ काजळी आणि प्लगवरचा थर त्याने कमी होऊ शकतो. डिझेलच्या फिल्टरलाही पंधरा-वीस मिनिटांच्या सलग, एका वेगाच्या फेरीची खरोखर गरज असते. तिथे मध्येच गाडी बंद केली की जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि फिल्टर अजून तुंबतो. पण झडपांवर भाजून कडक झालेला थर पळवल्याने जात नाही. तो बसलेला आहे तिथे जावं लागतं.

वर्षातून एकदा तीर्थयात्रा केली, एक शिबिर केलं, की मन स्वच्छ झालं असं आपल्याला वाटतं. वरची काजळी जाते, खरं आहे, छान वाटतं. पण अठरा वर्षांचं अबोलेपण भीमाशंकरला जाऊन सुटत नाही. ते ज्या माणसाशी आहे, त्या माणसापाशी जावं लागतं. सुविचारांच्या बाटल्या त्या झडपेपर्यंत पोचत नाहीत.

आणि गेलं तरी कसं जायचं, हे या कामातल्या एका साधनाने मला शिकवलं. हे थर काढायला गॅरेजवाले अक्रोडाच्या टरफलांचा भरडा वापरतात. वरची नळी काढून, दाबाच्या हवेने तो भरडा झडपांवर मारतात. का अक्रोड? कारण ते टरफल काजळीपेक्षा कडक आणि धातूपेक्षा मऊ असतं. काजळी निघते, झडपेला ओरखडा येत नाही. वाळू मारली असती तर काजळीबरोबर झडपही गेली असती. कापूस मारला असता तर काहीच निघालं नसतं.

घरात एखाद्याला काही सांगायचं असेल तेव्हा आपला शब्द कशाचा आहे ते आधी बघावं. वाळूचा, कापसाचा की अक्रोडाचा? दोषापेक्षा कडक आणि माणसापेक्षा मऊ असा शब्द शोधणं, ही मला वाटतं मोठी साधना आहे. "तू नेहमी अशीच" ही वाळू. "काही नाही गं, असंच" हा कापूस. "त्या दिवशी तू न विचारता निर्णय घेतलास, तेव्हा मला परकं वाटलं. मला ते तुझ्याशी पुरतं बोलायचं आहे" हा अक्रोड.

*स्टिअरिंग कुणाच्या हातात?*

आता दोष कुणाचा, त्या प्रश्नाकडे येऊ.

इंजिन स्वतः ठरवत नाही की आज भाजीपुरतं जायचं की उज्जैनला. ते ठरवतो चालवणारा. काकांच्या गाडीवर काजळी चढली, पण तिला कुणी "काळ्या स्वभावाची गाडी" म्हणालं नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण चटकन म्हणतो. "वहिनी हल्ली फार कडवट झाल्या." "बाबांचा स्वभावच किरकिरा." काजळी ज्याच्यावर बसली त्यालाच आपण काळं ठरवतो. कोणत्या फेऱ्यांना त्याला जुंपलं, किती हवा दिली, कोणाचा धूर त्याला गिळायला लावला, हे विचारत नाही.

इथे उपमेची मर्यादाही सांगायला हवी. माणूस इंजिन नाही. त्याला थोडं तरी स्टिअरिंग स्वतःच्या हातात असतं. म्हणून "मी बिचारी, मला सगळ्यांनी असं केलं" एवढं म्हणून कुणालाच थांबता येणार नाही. पण ज्या सुनेला दिवसभरात दहा मिनिटं स्वतःची नाहीत, ज्या आजींना गुडघ्यांमुळे खालीसुद्धा उतरता येत नाही, त्यांच्या हातात किती स्टिअरिंग आहे हे बघून मगच त्यांच्याकडून हिशेब मागावा. ज्याच्या हातात किल्ली जास्त, त्याची जबाबदारी जास्त.

आणि दोष आणि जबाबदारी एकच नव्हेत. दोष मागे बघतो, कुणी केलं ते विचारतो. जबाबदारी पुढे बघते, आता कोण करणार ते विचारते. काजळीच्या बाबतीत दोषी बहुतेक वेळा सापडत नाही, कारण दोषी फेरीच नसते. पण जबाबदार माणूस नेहमी सापडू शकतो. तो म्हणजे ज्याला थरथर आधी जाणवली तो. मग थर कुणाच्याही झडपेवरचा असो.

तेव्हा त्या ताईंना माझं उत्तर असं. ताई, तुमचं चुकलं असं नाही. तुम्ही पुष्कळांचा धूर गिळला आणि तुमची स्वतःची बोलणी कित्येकदा तापण्याआधीच थांबली. मन जड झालं म्हणजे तुम्ही वाईट झालात असं नव्हे. काजळी तुमच्याच मायेची आहे, पुरती न जळलेल्या. ती माया अजून इंधनच आहे. तिला हवा, ऊब आणि वेळ मिळाला तर ती आजही जळू शकते. आणि तुम्हाला थरथर जाणवली आहे, म्हणजे काम सुरू करायची पाळीही तुमची आली आहे. पण एकट्याने करायचं नाही. प्रश्न गटावर टाकलात, ती पहिली झडप उघडलीत. त्याखाली केकचं चित्र टाकणं ही आम्हा सगळ्यांची गोष्ट.

*आपल्यापुरतं*

पुढच्या पत्रिकेपर्यंत करून बघण्यासारखं:

१. आठवड्यातून एकदा घरातल्या एका माणसाबरोबर "लांबची फेरी". अर्धा तास, मोबाइल बाजूला. कामाचं बोलणं नाही. मध्येच उठायचं नाही, अर्धवट राहिलं तर आणखी तुंबतं.

२. दिवसभरात जितक्या वेळा "जाऊ दे" म्हटलं, त्यातलं रात्री परत काय आलं ते बघावं. जे आलं ते एक चिठ्ठीवर लिहावं. त्याला वेळ आणि माणूस ठरवावा.

३. घरात कोण सगळ्यांचा धूर गिळतं, हे प्रत्येकाने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं. आणि त्या व्यक्तीला या आठवड्यात एकदा विचारावं, "तुला काय झालंय?" विचारून झाल्यावर उत्तर ऐकायला थांबावं.

४. सांगायचं असेल तर अक्रोड. वाळू नाही, कापूस नाही.

५. आणि हो, दारात गाडी असेल तर तीही अधूनमधून बायपासवरून वीस-पंचवीस मिनिटं सलग फिरवून आणावी. ऑइल वेळेवर बदलावं. जागेवर चालू ठेवण्यात पुण्य नाही. जाताना मागच्या सीटवर घरातलं ते गप्प माणूस बसवलं, तर दोन्ही कामं एका पेट्रोलमध्ये होतील.

आपले अनुभव आपापल्या कौटुंबिक गटावर लिहावेत. कुणाचा प्रश्न आला तर हात जोडण्याआधी दोन ओळी उत्तर लिहावं, ही विनंती.

— एक सेविका, इंदूर